कॅनवर मॅक लावला, पण गाडी पटकन बंद-चालू केली की मोटर कंट्रोलर व्हीसीयूचे सगळे मेसेज नाकारतो

भांडुप_विजेरी

नमस्कार मंडळी,

लहान मालवाहू ई-गाडी आहे, चारचाकी, एन१ श्रेणीतली. एकच कॅन बस (सगळ्या बोर्डांना जोडणारी संदेशांची सामायिक तार), जुन्या क्लासिकल प्रकारातली, ५०० केबीपीएस, ११ बिटांचे आयडी. बसवर व्हीसीयू (गाडीचा मुख्य कंट्रोलर), मोटर कंट्रोलर, बीएमएस (बॅटरी सांभाळणारा बोर्ड), क्लस्टर (ड्रायव्हरसमोरचा डिस्प्ले) आणि ४जी टेलिमॅटिक्स (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा बोर्ड) अशी पाच मंडळी आहेत. व्हीसीयू आणि मोटर कंट्रोलरचे बोर्ड आमचेच, दोन्हीवर एनएक्सपीची एस३२के१४४ चिप. बीएमएस विकतचा आहे, त्याच्या फर्मवेअरला हात लावता येत नाही. टेलिमॅटिक्स लिनक्सवर चालतं.

टॉर्कच्या हुकमाची फ्रेम (बसवरचा एक संदेश) आयडी ०एक्स११० ची, दर १० मिलिसेकंदांनी. तिच्यात ४ बाइट डेटा, १ बाइट काउंटर आणि ३ बाइट मॅक, म्हणजे फ्रेम खऱ्या बोर्डाकडूनच आली हे गुप्त किल्लीने सिद्ध करणारी खूण. मॅक एईएस-१२८ सीमॅकने काढतो आणि तुकडा करून पाठवतो. पूर्ण काउंटर ६४ बिटांचा आहे, त्यातले खालचे ८ बिट तारेवर जातात. व्हीसीयू गाडी बंद होताना काउंटर ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहितो. मोटर कंट्रोलर शेवटचा मान्य केलेला आकडा रॅममध्ये ठेवतो.

बेंचवर सगळं सुरळीत. गाडीत मात्र हे होतं:

मशीद बंदर, दादर अशा भागांत ड्रायव्हर दर डिलिव्हरीला किल्ली बंद करून लगेच पुन्हा चालू करतो. असं पटापट केलं की मोटर कंट्रोलर एकही टॉर्क फ्रेम स्वीकारत नाही. अर्धा-एक मिनिट सगळं बंद ठेवलं की गाडी पुन्हा चालते.

पावसात फ्लोअरखालच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की बस काही सेकंद तुटते. परत जोडली गेल्यावरही मॅक जुळत नाही, तो कधीच जुळत नाही.

तिसरं म्हणजे सीएसईसीकडे (चिपमधल्या सांकेतिक कामांच्या हार्डवेअर भागाकडे) मॅक मागितला की मधूनच एरर येते. तोच कोड बेंचच्या बोर्डवर बिनतक्रार चालतो. फरक इतकाच की गाडीच्या फर्मवेअरमध्ये घड्याळ ११२ मेगाहर्ट्झवर आहे.

शिवाय बीएमएसला मॅक येतच नाही, त्याचं काय करायचं? ३ बाइट मॅक पुरेसा आहे, की कॅन एफडीकडे (मोठ्या फ्रेमच्या नव्या कॅनकडे) वळावं? आणि सध्या सगळ्या बोर्डांत मॅकची एकच गुप्त किल्ली आहे, ती तशी ठेवायची नाही हे ठरलंय, पण पुढची घडी कशी बसवायची ते सांगा.

---

ठाणे_कॅनकर

तुमचे पहिले दोन त्रास दिसायला सारखे आहेत, पण कारणं वेगळी आहेत. दोन्हीची मुळं मॅकमध्ये नसून ताजेपणाच्या आकड्यात, म्हणजे फ्रेशनेस व्हॅल्यूत (फ्रेम जुनी रेकॉर्ड केलेली नाही हे दाखवणाऱ्या वाढत्या काउंटरमध्ये) आहेत. सीमॅकचा कोड दोन दिवसांत लिहून होतो, सेकओसीचा, म्हणजे ऑटोसार या गाडी-सॉफ्टवेअरच्या प्रमाणातल्या मॅक लावण्याच्या पद्धतीचा, खरा घाम इथे निघतो.

पटकन बंद-चालू केल्यावर व्हीसीयूचा पुरवठा लगेच जातो. मोटर कंट्रोलरचे डीसी-लिंक (बॅटरीकडून येणाऱ्या उच्च व्होल्टेजचे) कपॅसिटर उतरेपर्यंत तो जागा असतो आणि शेवटचा आकडा त्याच्या रॅममध्ये शाबूत राहतो. व्हीसीयूचं ईईप्रॉममधलं लेखन पुरं व्हायच्या आधीच वीज गेली, तर तो पुढच्या वेळी मागच्या आकड्यावरून सुरू होतो. समजा मोटर कंट्रोलरकडे शेवटचा आकडा ५०,४०० आहे आणि व्हीसीयू ५०,३५० पासून सुरू झाला. खालचे ८ बिट आले १७४, मोटर कंट्रोलरकडचे आहेत २२४. आलेला तुकडा लहान म्हणून तो समजतो की खालचा बाइट एक फेरी मारून आला, आणि वरच्या भागात १ मिळवतो. त्याच्या लेखी आकडा होतो ५०,६०६. मॅक त्या आकड्यावर तपासला जातो, अर्थातच जुळत नाही. सगळं पूर्ण बंद केल्यावर मोटर कंट्रोलरची रॅम पुसली जाते आणि गाडी चालते. म्हणजे आत्ता तुमची गाडी चालते ती मोटर कंट्रोलर जुना आकडा विसरतो म्हणून. रेकॉर्ड करून ठेवलेली जुनी फ्रेमही त्या क्षणी तो स्वीकारेल. हे भोक आधी बुजवा.

पावसातल्या त्रासाचं गणित वेगळं. ८ बिटांत जास्तीत जास्त २५५ फ्रेम हरवल्या तरी आकडा पुन्हा बांधता येतो. १० मिलिसेकंदांच्या हिशेबाने ते झाले २.५५ सेकंद. बस त्याहून जास्त वेळ तुटली की वरच्या भागात झालेल्या फेऱ्यांपेक्षा स्वीकारणारा निदान एक कमी धरतो. मग तो कायमचा मागे राहतो, आपोआप कधीच जुळत नाही. बस-ऑफमधून (फार चुका झाल्यावर कॅन कंट्रोलर स्वतःला बसवरून तोडतो त्या अवस्थेतून) कंट्रोलर बाहेर यायला लागतात १२८ वेळा ११ रिसेसिव्ह (मोकळ्या बसचे) बिट, म्हणजे ५०० केबीपीएसला जेमतेम २.८ मिलिसेकंद. वेळ खातो तो सॉफ्टवेअरने मध्ये घातलेला थांबा. ओल्या कनेक्टरवर बस-ऑफ पुन्हा पुन्हा होतो आणि प्रत्येक वेळी तो थांबा मोजावा लागतो. तेव्हा त्याचीही किंमत तपासा.

उपाय एकच: आकड्याचा एक मालक नेमा आणि त्याच्याकडून ठरावीक वेळाने सर्वांना मेळ घालून द्या. जपानच्या जॅस्पर या वाहन-सॉफ्टवेअर संघटनेची पद्धत ऑटोसारच्या सेकओसीत प्रोफाइल ३ म्हणून आहे, तिथे ताजेपणाचे ४ बिट आणि मॅकचे २८ बिट तारेवर जातात. तीच कल्पना तुमच्या फ्रेमला बसेल अशी मांडतो.

पूर्ण आकडा ६४ बिटांचाच ठेवा, पण तीन तुकड्यांत: ट्रिप (गाडी किती वेळा चालू झाली) २० बिट, रिसेट १६ बिट, मेसेज काउंटर २८ बिट. व्हीसीयू मालक. तो दर सेकंदाला रिसेट एकाने वाढवतो आणि मेळाची फ्रेम पाठवतो: ट्रिप २० + रिसेट १६ + मॅक २८ = ६४ बिट, बरोबर ८ बाइट. या फ्रेमला स्वतंत्र डेटा आयडी (मॅकच्या हिशेबात धरायचा मेसेजचा क्रमांक) द्या. रिसेट वाढला की प्रत्येक मेसेज काउंटर शून्यावर येतो. टॉर्क फ्रेमच्या ताजेपणाच्या बाइटमध्ये रिसेटचे खालचे २ बिट आणि मेसेज काउंटरचे खालचे ६ बिट भरा. बस कितीही वेळ तुटू दे, जोडली गेल्यावर जास्तीत जास्त एका सेकंदात पुढची मेळाची फ्रेम येते आणि गाडं रुळावर येतं. ते २ बिट अशासाठी, की सेकंद बदलताना कुणाला नवी मेळाची फ्रेम मिळालेली असते, कुणाला नसते. त्या दोन बिटांवरून स्वीकारणाऱ्याला मागचा रिसेट धरायचा की नवा, हे कळतं.

बिटांची बेरीज करून घ्या. दिवसाला १०० वेळा किल्ली फिरवली तरी १५ वर्षांत ५,४७,५०० ट्रिप होतात, २० बिटांत १०,४८,५७६ मावतात. रिसेट १६ बिट म्हणजे ६५,५३६ सेकंद, साधारण १८ तास. त्याहून लांब गाडी चालूच राहिली तर ट्रिप एकाने वाढवून रिसेट पुन्हा शून्यावर आणा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ट्रिप बंद होताना लिहू नका. चालू होताना आधी वाचा, एक मिळवा, लिहा, परत वाचून खात्री करा आणि मगच पहिली फ्रेम पाठवा. वीज अधेमधे गेली तर फार तर एक आकडा वाया जाईल, मागे कधी जाणार नाही. लिहायची जागाही फिरती ठेवा. फ्लॅशच्या एका सेक्टरची मर्यादा १ लाख वेळा पुसण्याची धरली, तर एकाच जागी साडेपाच लाख वेळा लिहिणं परवडणार नाही. मोटर कंट्रोलरनेही शेवटचा ट्रिप आकडा रॅममध्ये न ठेवता कायमच्या मेमरीत ठेवायचा आणि त्याहून जुनी मेळाची फ्रेम, मॅक जुळला तरीही, फेकून द्यायची.

---

सिलिकॉन_अंधेरी

सीएसईसीच्या एररचं कारण तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. एस३२के१४४ ११२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एचएसरन या जलद मोडमध्ये असताना सीएसईसीचे आदेश आणि ईईप्रॉमचं लेखन या दोन्हींना परवानगी नाही. ८० मेगाहर्ट्झच्या रन मोडमध्ये यावं लागतं. प्रत्येक मॅकसाठी मोड खालीवर करत बसू नका, तेवढ्यात १० मिलिसेकंदांच्या टास्कची वेळ बिघडते. मोटर कंट्रोलरमधला करंट लूप ८० मध्ये बसत असेल तर कायम ८० वर ठेवा. नसेल बसत तर त्या बोर्डवर एईएस सॉफ्टवेअरमध्ये करा, पण मग किल्ली साध्या फ्लॅशमध्ये येते आणि हार्डवेअरच्या तिजोरीचा फायदा जातो. मी ८० च घेईन.

त्याच कुळातल्या आणखी दोन गोष्टी. सीएसईसी आणि ईईप्रॉम दोन्ही एकाच फ्लॅश मॉड्युलमधून जातात. लेखन चालू असताना मॅकचा आदेश देता येत नाही, सीसीआयएफ झेंडा (आदेश पुरा झाल्याची खूण) परत १ होईपर्यंत थांबावं लागतं. ठाणेकरांनी सांगितलेलं 'आधी ट्रिप लिहा, मग पाठवा' इथेही उपयोगी पडतं. दुसरं, कॅनच्या इंटरप्टमधून मॅक तपासायचा आणि टास्कमधून मॅक काढायचा असं करू नका. सीएसईसीची पीरॅम (डेटा मांडायची मेमरी) एकच आहे, एकाने मांडलेला डेटा दुसरा पुसतो. इंटरप्टने फ्रेम फक्त रांगेत टाकावी आणि सीएसईसीशी बोलण्याचं काम एकाच टास्ककडे ठेवावं.

आणि ही जागा भिंग घेऊन तपासा: मॅक पडताळण्याच्या आदेशात मॅकची लांबी बिटांत द्यायची असते. ३ बाइट आहेत म्हणून कुणी तिथे ३ लिहिलं, तर चिप फक्त ३ बिट जुळवते. बेंचवर सगळं हिरवं दिसतं, कारण खरा मॅक तर जुळणारच. पण दर ८ खोट्या फ्रेमपैकी सरासरी एक आत शिरते. तिथे २४ हवेत. ० लिहिलं तर त्याचा अर्थ पूर्ण १२८ बिट, मग तुमचा तुकडा कधीच जुळणार नाही. संदेशाची लांबीही बिटांतच.

सीमॅक बरोबर निघतोय का हे पाहायला, त्याचं वर्णन असलेल्या आरएफसी ४४९३ मधली उदाहरणं वापरा. किल्ली २बी ७ई १५ १६ २८ एई डी२ ए६ एबी एफ७ १५ ८८ ०९ सीएफ ४एफ ३सी. रिकाम्या संदेशाच्या मॅकची सुरुवात बीबी १डी ६९ अशी यायला हवी. संदेश ६बी सी१ बीई ई२ २ई ४० ९एफ ९६ ई९ ३डी ७ई ११ ७३ ९३ १७ २ए असेल तर सुरुवात ०७ ०ए १६. तुकडा घ्यायचा तो मॅकचा वरचा भाग, म्हणजे पहिले ३ बाइट. ताजेपणाच्या आकड्याचा मात्र खालचा भाग. दोन टीमनी दोन बोर्ड लिहिले की इथे हमखास उलटापालट होते.

मॅक कशावर काढायचा याचा क्रम: डेटा आयडी २ बाइट, मग डेटा ४ बाइट, मग पूर्ण ताजेपणा ८ बाइट, आकडे मोठा बाइट आधी. एकूण १४ बाइट, म्हणजे एईएसच्या एकाच ब्लॉकमध्ये काम उरकतं. डेटा ८ बाइट झाला की १८ होतात आणि दुसरा ब्लॉक लागतो. डेटा आयडी गाळू नका. तो नसेल तर एकाच किल्लीच्या दोन मेसेजपैकी एकाची फ्रेम दुसऱ्याच्या आयडीखाली खपवता येते.

---

पवई_सेफ्टी

३ बाइट पुरतात का, यावर. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. ५०० केबीपीएसवर ८ बाइटची फ्रेम स्टफिंगशिवाय (कॅन मध्ये घालतो ते जादा बिट सोडून) १११ बिटांची, तेव्हा बस पूर्ण कोंबली तरी सेकंदाला साडेचार हजारांच्या आसपास फ्रेम बसतात. त्या वेगाने अंदाधुंद मॅक पाठवत राहिलं तर सरासरी तासाभरात एक लागतो. हे ऐकायला भीतीदायक वाटतं, पण ०एक्स११० सेकंदाला फक्त १०० वेळाच यायला हवी. दर १० मिलिसेकंदांत या आयडीच्या दोनच फ्रेम पडताळायला घ्या, उरलेल्या टाका. मग तोच हिशेब २३ तासांवर जातो आणि लागली तरी एकच फ्रेम लागते, १० मिलिसेकंदांपुरती. त्यावर टॉर्कच्या बदलाला वेगमर्यादा घाला, म्हणजे एका फ्रेमने गाडी उडी मारणार नाही. इतकं केलं तर २४ बिट चालतील. यातलं काहीच करणार नसाल तर अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण-संस्थेची सीमॅकसाठीची साधारण शिफारस किमान ६४ बिटांची आहे, आणि ती क्लासिकल कॅनमध्ये मावत नाही.

कॅन एफडीत ६४ बाइट मिळतात, मॅक ८ बाइट ठेवता येतो, सगळं ऐसपैस. पण बसवर एक जरी जुना क्लासिकल कंट्रोलर असला तर तो एफडी फ्रेम बघून एरर फ्रेम फेकतो आणि बस बंद पाडतो. तुमचा बीएमएस क्लासिकल असेल तर त्याच तारेवर एफडी विसरा.

मला जास्त काळजी त्या ४ बाइट डेटाची आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण टॉर्क फ्रेमला ई२ई संरक्षण असणारच, म्हणजे ८ बिट सीआरसी (डेटातली चूक पकडणारा आकडा) आणि ४ बिट अलाइव्ह काउंटर. मॅक आला म्हणून ते काढू नका. मॅक हल्लेखोरासाठी आहे. सीआरसी आणि काउंटर आपल्याच सॉफ्टवेअरच्या बिघाडासाठी आहेत, आणि सेफ्टीचा दावा त्यांच्यावर उभा असतो. मग बेरीज बघा: टॉर्क १६, गिअर ४, एनेबल २, काउंटर ४, सीआरसी ८ मिळून ३४ होतात, दोन बिट बाहेर. टॉर्क १४ बिटांवर आणा. ०.१ न्यूटन-मीटरच्या पायरीने १६,३८४ पायऱ्या मिळतात. ऑफसेट देऊन उणे ८१९ ते अधिक ८१९ न्यूटन-मीटर बसतं, लहान मालवाहूच्या मोटरला रग्गड. ३२ पूर्ण. ई२ई आत, सेकओसी बाहेर, असा क्रम.

एका फ्रेमच्या जागी दोन फ्रेम करून जागा वाढवायचा मोह टाळा. १० मिलिसेकंदांची प्रत्येक जादा फ्रेम बसचा साधारण अडीच टक्के भार खाते. अशा आठ झाल्या की २० टक्के गेले. म्हणूनच मॅक कुठे लावायचा ते निवडा: टॉर्क, गिअर, रीजन (वेग कमी करताना ऊर्जा बॅटरीत परत घेणं), कॉन्टॅक्टरचा (बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचा) हुकूम, इमोबिलायझर (चोरीरोधक). केबिनच्या तापमानाला मॅक लावून काही मिळत नाही.

मॅक फसला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला ते सर्वांत मोठं वाटतं. सुरुवातीला पहिला मेळ येईपर्यंत गप्प राहायचं, फॉल्ट कोड टाकायचा नाही. चालू असताना एखादी फ्रेम फसली तर शेवटची खरी किंमत ३ फेऱ्या, म्हणजे ३० मिलिसेकंद धरायची. त्यानंतर टॉर्क उताराने शून्यावर आणायचा. झटक्यात तोडायचा नाही, आणि वेग असताना कॉन्टॅक्टर उघडायचा तर नाहीच. ईस्टर्न फ्रीवेवर मागून डंपर येत असताना गाडी जागीच मेली तर तो अपघात आपण केला. फॉल्ट कोड दोन वेगळे ठेवा: 'फ्रेम आलीच नाही' आणि 'फ्रेम आली पण मॅक जुळला नाही'. पावसाळ्यात पहिला भरपूर येईल. दुसऱ्याकडे मात्र गांभीर्याने बघायचं.

---

ठाणे_कॅनकर

दोनच फ्रेम पडताळण्याबद्दल थोडा मतभेद. हल्लेखोराने दर १० मिलिसेकंदांच्या खिडकीत आधी दोन खोट्या फ्रेम घुसवल्या तर खरी फ्रेम तपासलीच जात नाही. मॅक न फोडताही टॉर्क बंद करता येईल. सीएसईसीला वेळ असेल तर मर्यादा ४ ठेवा.

---

पवई_सेफ्टी

४ ठेवली तर २३ तासांचे साडेअकरा होतात, तेही चालण्यासारखं आहे. पण ज्याच्या हातात बस आहे तो गाडी अडवू शकतोच. शून्य आयडीच्या फ्रेमनी बस भरून टाकली किंवा आपल्या आयडीवर मुद्दाम टक्कर घडवून व्हीसीयूला बस-ऑफमध्ये ढकललं, तर कुठलाही मॅक त्याला थांबवत नाही. मॅकचं काम गाडी खोट्या हुकमाने हलू न देणं इतकंच आहे. अडवणुकीवर उतारा म्हणजे तारा आणि गेटवे (बस वेगळ्या ठेवणारा बोर्ड).

---

भांडुप_विजेरी

सर्वांचे मनापासून आभार. रन मोडमध्ये आल्यावर सीएसईसीची एरर गेली. मेळाची फ्रेम बसवली, पाच सेकंद कनेक्टर काढून लावला तर एका सेकंदाच्या आत टॉर्क परत येतो. मॅकची लांबी आमच्याकडे २४ च होती, पण ती आता नावाच्या स्थिरांकात टाकली.

आता पुढचं. सर्व्हिसला व्हीसीयू बदलला तर नव्याचा ट्रिप ० असेल आणि मोटर कंट्रोलरकडे, समजा, ४०,०००. तो सगळंच नाकारेल ना? आणि बीएमएस व टेलिमॅटिक्सबद्दल कुणी सांगाल का?

---

किल्लीदार_नवी_मुंबई

हो, नाकारेल, आणि ते योग्यच आहे. ट्रिप शून्यावर आणायची सोय डायग्नॉस्टिकमध्ये उघडी ठेवू नका, नाहीतर तीच चोरवाट होते. नियम असा करा की किल्ली बदलली की आकडे शून्य. व्हीसीयू बदलला की त्या गाडीच्या टॉर्क आणि मेळ अशा दोन्ही किल्ल्या सर्व संबंधित बोर्डांत नव्या भरायच्या. जुन्या किल्लीने रेकॉर्ड केलेलं काहीही मग नव्या किल्लीवर चालत नाही, त्यामुळे ० पासून सुरू करणं सुरक्षित असतं.

किल्ल्या प्रत्येक गाडीला वेगळ्या. एकच किल्ली सगळ्या गाड्यांत असेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात आलेला एक बोर्ड उघडून कुणी ती काढली की रस्त्यावरची तुमची प्रत्येक गाडी उघडी पडली. मूळ किल्ली सर्व्हरवरच्या एचएसएममध्ये (किल्ल्यांच्या हार्डवेअर तिजोरीत). तिथून चासी नंबर आणि कामाचं नाव यांच्यावर सीमॅक काढून त्या गाडीची किल्ली तयार करायची. सुट्ट्या बोर्डाची किल्ली बदलताना त्यात आवृत्ती क्रमांकही घाला, नाहीतर नवी म्हणून तीच किल्ली परत निघेल.

बोर्डात भरायची रीत एसएचई या गाड्यांच्या चिपांसाठीच्या प्रमाणाने ठरवून दिली आहे. सर्व्हर त्या चिपच्या १२० बिटांच्या यूआयडीसाठी (चिपच्या एकमेव ओळख-क्रमांकासाठी) एम१, एम२, एम३ असे तीन संदेश बनवतो: १६ + ३२ + १६, एकूण ६४ बाइट. सर्व्हिसच्या टॅबने ते फक्त पोचवायचे. चिप उलट एम४ आणि एम५ देते, ४८ बाइट, ते सर्व्हरने तपासले की किल्ली बसल्याची खात्री. किल्ली स्वतः टॅबवर उघड्या रूपात कधीच येत नाही, त्यामुळे टॅब हरवला तरी काही बिघडत नाही. किल्लीसोबतचा २८ बिटांचा काउंटर प्रत्येक वेळी वाढवावा लागतो, तो सर्व्हरने जपायचा. सर्व्हरचा बॅकअप जुना परत चढवला की तो काउंटर मागे जातो आणि चिपा किल्ली नाकारू लागतात, हे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

किल्लीच्या झेंड्यांकडे (वापराच्या परवानग्यांकडे) लक्ष द्या. किल्ली मॅकसाठी आहे असा वापराचा झेंडा लावलाच पाहिजे, नाहीतर चिप एरर देते. डीबगर जोडला की किल्ली बंद होण्याचा झेंडा उत्पादनात हवाच. वाइल्डकार्ड यूआयडी (कुठल्याही चिपला चालणारा) बंद. एस३२के१ मध्ये 'फक्त पडताळणी' असाही झेंडा आहे: मोटर कंट्रोलरमध्ये टॉर्कची किल्ली तशीच ठेवा, म्हणजे मोटर कंट्रोलरचं सॉफ्टवेअर कुणी ताब्यात घेतलं तरी त्याला टॉर्कचा हुकूम बनवता येणार नाही. एक किल्ली दोघांकडे असण्यातला हा मोठा दोष त्याने बराच झाकला जातो. लेखनबंदीचा झेंडा मात्र चाचणीच्या बोर्डांवर मुळीच लावू नका. तो परत निघत नाही, आणि एक जरी किल्ली अशी बंद असली तर चिप कोऱ्या अवस्थेत नेता येत नाही. बोर्ड गेला.

टेलिमॅटिक्सला टॉर्कची किल्ली देऊच नका. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकीत मोबाइल नेटवर्कवरून शिरून कॅनपर्यंत मजल मारली, १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बाहेरच्या जगाशी बोलणारा बोर्ड बिघडेलच असं धरून चाला. त्याला वेगळ्या कॅन पोर्टवर घ्या, व्हीसीयूने त्याच्याकडून ठरलेले दोन-तीनच आयडी आत घ्यावेत, आणि दूरून गाडी बंद करण्याचा हुकूम गाडी उभी असतानाच पाळावा. एस३२के१४४ मध्ये तीन फ्लेक्सकॅन (कॅन कंट्रोलर) आहेत, पोर्टची टंचाई नाही.

बीएमएसलाही तसंच स्वतंत्र पोर्टवर घ्या. तार पॅकपासून व्हीसीयूपर्यंत थेट, मध्ये कुठे सुटा कनेक्टर नको. व्हीसीयूने करंटची मर्यादा आणि कॉन्टॅक्टरची स्थिती वाचून स्वतःच्या मॅकसह मुख्य बसवर पुन्हा पाठवायची. १० मिलिसेकंदांपर्यंत उशीर वाढतो, तेवढा धरून ठेवा. त्या तारेवर मॅक नाही, म्हणून ताळमेळ घाला: मोटर कंट्रोलर डीसी-लिंकचं व्होल्टेज स्वतः मोजतोच, ते बीएमएसने सांगितलेल्या पॅक व्होल्टेजशी, कॉन्टॅक्टर जोडलेला असताना, जुळतंय का बघायचं. बाहेरून हात पोचेल अशी तार किती महागात पडते ते केन टिंडेल यांनी २०२३ मध्ये हेडलॅम्पच्या कनेक्टरमधून होणाऱ्या गाडीचोरीच्या लेखात दाखवलंय. तुमच्या फ्लोअरखालच्या कनेक्टरची जागा पाण्यासाठी आणि यासाठी, दोन्हींसाठी बदला.

एन१ आहात, तेव्हा एआयएस-१८९ चं (वाहनांच्या सायबर सुरक्षेच्या भारतीय प्रमाणाचं) दप्तरही लागणार. कुठल्या मेसेजला मॅक का लावला आणि कुठल्याला का नाही, हे धोका-विश्लेषणात आत्ताच लिहून ठेवा.

---

सिलिकॉन_अंधेरी

चाचणीचं सामान स्वस्तात होतं. लिनक्सचा कुठलाही छोटा बोर्ड आणि लॅमिंग्टन रोडला मिळणारं, कॅनला जोडणारं एमसीपी२५१५ चं मॉड्युल. दोन गोष्टी बघून घ्या: बऱ्याच मॉड्युलवर क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा असतो, ड्रायव्हरला तो न सांगितल्यास बिटरेट चुकतो. आणि त्यावरचा १२० ओमचा जंपर काढा. बसच्या दोन टोकांना १२०-१२० असतातच. वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये ६० ओम दिसायला हवेत, ४० दिसले तर तुमचा जंपर तसाच आहे.

लिनक्सवरच्या कॅनडंपने दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, व्हीसीयू काढून कॅनप्लेअरने तेच वाजवा. एकही टॉर्क फ्रेम स्वीकारली जाता कामा नये, मेळाची फ्रेमसुद्धा. हेच मोटर कंट्रोलर पूर्ण बंद करून चालू केल्यावर पुन्हा करा, तुमचं जुनं भोक तिथेच होतं. मग डेटातला एक बिट उलटवून पाठवा. मग एका आयडीचे आठही बाइट दुसऱ्या मॅकवाल्या आयडीखाली पाठवा. शेवटी व्हीसीयूचा १२ व्होल्ट पुरवठा रिलेने, ट्रिप लिहिण्याच्या आसपास, दर वेळी वेगळ्या क्षणी तोडा आणि हे रात्रभर चालू ठेवा. सकाळी लॉगमध्ये एकदाही ट्रिप मागे गेलेला दिसला तर लेखनाचा क्रम अजून चुकतोय.

मोटर कंट्रोलर नाकारतोय हे कसं कळणार, तर पडताळणीचे तीन काउंटर डायग्नॉस्टिकमध्ये वाचायला ठेवा: मान्य, मॅक फसले, मेळ नसताना आलेले. एकच 'फसले' काउंटर ठेवलात तर पुढच्या पावसात पुन्हा इथेच येऊन विचारावं लागेल.